डागोजी माझा होता

डागोजी हा शब्द माझा आहे. हे आधी ऐकून घ्या, बाकीचं सावकाश सांगते.

आधी एवढ्यासाठी, की मध्यंतरी बसमध्ये एक बाई दुसरीला सांगत होत्या, "आमच्या सासूबाई म्हणजे नुसत्या डागोजी हो! डब्याचं झाकण वाजलं की आल्याच स्वयंपाकघरात." मी मागच्या सीटवरून उठले आणि चांगल्या शब्दांत सांगितलं, की काकू, डागोजी खुर्चीतून कधी उठत नाही, तो डबे बघायला कशाला येईल? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मला त्यांच्या सासूनेच पाठवलंय. तेवढ्यात कंडक्टर मध्ये पडला. "ए पोरी, खाली बस. दुसऱ्यांच्या बोलण्यात डागोजी करू नये."

म्हणजे माझ्याच गोष्टीतल्या माणसाचं नाव घेऊन मलाच दटावणं! मी दोन स्टॉप आधी उतरले आणि चालत गेले. रागात मी चांगली चालते.

तर लाँड्री. लाँड्री आत्याची आहे. पुढे काउंटर, मागे भिंतभर लाकडी कप्पे, त्याच्या मागे धुण्याची दोन मशिनं. एक चालू आणि एक चालू असल्यासारखं दिसणारं. खिडकीपाशी इस्त्रीकाका. ते तीस वर्षं त्याच खिडकीपाशी इस्त्री करतायत आणि दिवसाला साधारण नऊ शब्द बोलतात. त्यातले चार "सरक", "वाफ आहे" आणि "चहा".

नववी मी अर्ध्यात सोडली. का सोडली ते विचारू नका, सगळे विचारून दमले. आईने शेवटी अट घातली. सहा महिने आत्याकडे काम करायचं. सहा महिन्यांनी आत्या "पोरगी कामाची आहे" म्हणाली तर राहायचं आणि परीक्षेला बाहेरून बसायचं. नाही म्हणाली, तर परत नववीत. पुन्हा पहिल्यापासून, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान पोरांच्या मध्ये. माझी उंची बघता मला त्या वर्गात बाकावर नाही, पंख्याच्या शेजारी बसवावं लागलं असतं. बाबा या सगळ्यात "आई म्हणेल तसं" एवढंच बोलले. ते नेहमीच तेवढं बोलतात.

आता आत्याचं कसं आहे, तिला गिऱ्हाइकाला द्यायला एकच उत्तर येतं. "उद्या." कपडे झाले का? उद्या. उद्या म्हणजे किती वाजता? उद्या. काल पण उद्या म्हणाला होतात! हो, उद्या. आणि हे म्हणून ती आत निघून जाते आणि काउंटरवर उरते मी. पहिल्या आठवड्यात माझी चार जणांशी भांडणं झाली. पाचव्याला मी त्याची पँट दिली, पण हातात नाही दिली. त्या दिवशी आत्या म्हणाली, "तोंड बंद ठेव आणि हात चालव."

ठीक आहे. मी खडू उचलला.

दुकानाबाहेर एक फळा होता. त्यावर लिहिलेलं, "आज अर्जंट बंद". हा "आज" दोन वर्षांपूर्वीचा होता. तो मी पुसला आणि लिहिलं:

"प्रकरण पहिलं. डागोजी लाँड्रीवाला. वजन भरपूर, डोकं त्याहून भारी. खुर्चीतून उठत नाही. एक साहेब शर्ट घेऊन आले. म्हणाले, काल दिवसभर ऑफिसात मान मोडून काम केलं हो. डागोजीने शर्ट उलटा केला आणि म्हणाला, खोटं. काल दिवसभर तुम्ही बागेत झोपला होता. डागोजीला कसं कळलं? उत्तर उद्या."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी सात जण दारात. मला वाटलं, मारायला आलेत. तर एक जण म्हणाला, "कपड्यांचं राहू दे गं. त्या साहेबाचं कसं कळलं ते सांग." मी लिहिलं, "शर्टाच्या पाठीवर हिरव्या रंगाचे चार पट्टे. बागेतल्या बाकांना कालच रंग दिलाय." सात जणांनी माना डोलावल्या. एक जण गुपचूप आपली पाठ बघायचा प्रयत्न करत होता.

मग रोज एक प्रकरण. उत्तर उद्या. आणि गंमत बघा, आत्या "उद्या" म्हणाली की लोक आता खूश व्हायचे! यायचंच होतं उद्या. आठ दिवसांनी आत्या कप्प्यापाशी थबकली आणि म्हणाली, "हल्ली कोणी ओरडत कसं नाही?" इस्त्रीकाकांनी खिडकीतून फळ्याकडे बोट केलं. आत्याने वाचलं. "याला काही काम नाही का, नुसता बसून असतो ते?" म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर वाचायला तीसुद्धा बाहेर आली. साबणाचे हात पुसत पुसत.

शब्द पहिल्यांदा वापरला शेजारच्या केमिस्टने. तो मला फटाकडी म्हणतो. चालेल, लोक याहून वाईट म्हणतात. त्याने पोराची शाळेची बॅग काउंटरवर ठेवली. "फटाकडी, याचं जरा डागोजी करून दे ना. क्लासला जातो म्हणतो." बॅगेच्या तळाला वाळू होती. क्लास तिसऱ्या मजल्यावर. मी सांगितलं, पोराने मार खाल्ला आणि मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! पोराचं वाईट वाटलं. पण नंतर.

त्यानंतर शब्द सुटलाच. फळवाल्याकडे एक बाई कलिंगड कानाशी धरून म्हणाल्या, "नीट डागोजी करून द्या हो, मागचं आतून पांढरं निघालं." दाढ दुखत होती म्हणून गेले, तर दातांचा डॉक्टर म्हणाला, "आ कर बघू, जरा डागोजी करू." तोंड उघडं होतं म्हणून बोलता आलं नाही, नाहीतर मी सांगितलं असतं की हा शब्द जिने केला ती तुमच्यासमोर आ करून बसलीय. रस्त्यात पोरं डागोजी-डागोजी खेळायला लागली. त्यात एक जण खुर्चीत बसायचा आणि बाकीचे पळायचे. बसलेला कधीच जिंकायचा नाही, पण प्रत्येकाला बसायचंच असायचं.

समोरच्या बिल्डिंगमध्ये एक निवृत्त हेडमास्तर राहतात. पेपर वाचायला आमच्या बाकड्यावर येतात, कारण घरी त्यांचा पेपर आधी बायको वाचते. त्यांना एक दिवस केमिस्टला सांगताना मी ऐकलं, "डागोजी हा शब्द फार जुना. माझे आजोबा वापरायचे."

"आजोबा," मी म्हटलं, "तो मी मंगळवारी केला."

"कुठल्या मंगळवारी?"

"दीड महिन्यापूर्वीच्या. तुम्ही इथेच बसला होता. खडू खाली पडला तो तुम्हीच उचलून दिलात."

"बरोबर," हेडमास्तर म्हणाले, "तेव्हाच मला आठवलं, की हा आपल्या आजोबांचा शब्द."

मी आत जाऊन तेरा उशांचे अभ्रे झटकले. त्यातले सहा आधीच झटकलेले होते.

आता ऐका, गाडं कुठे घसरलं ते. तिसऱ्या महिन्यात शब्दाला वास यायला लागला. आधी डागोजी म्हणजे हुशार. मग डागोजी म्हणजे चौकशी. आणि मग एकदम डागोजी म्हणजे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारा. "जिन्यात डागोजीसारखी उभी राहू नको." "मेला डागोजी, पडद्यामागून बघतो." मी लोकांना अडवून सांगायचे की डागोजी नाक खुपसत नाही, लोक आपणहून त्याच्याकडे कपडे घेऊन येतात. लोक म्हणायचे, "बरं बरं," आणि पुढे जाऊन तेच बोलायचे.

पाचव्या महिन्यात एका सकाळी एका बाईंनी टेबलक्लॉथ दिला. त्याला टाचणीने चिठ्ठी लावलेली. "हा डाग कॉफीचा आहे. दुसरं काही समजू नये." मी हसले. दुपारी एक शर्ट आला. "कॉलरवरचा लाल रंग मुलीच्या चित्रकलेच्या वहीचा. वही दाखवू शकतो." खाली सही. दुसऱ्या दिवशी एका माणसाने कोट दिला आणि सोबत शेजाऱ्याला घेऊन आला. शेजारी म्हणाला, "मी साक्ष द्यायला आलोय. हे ग्रीस माझ्या सायकलचं आहे. मी स्वतः बघितलं." मी म्हटलं, "मी विचारलंय का?" तर दोघं एकमेकांकडे बघून म्हणाले, "आत्ता नाही विचारलं, पण फळ्यावर लिहाल."

चार दिवसांत काउंटरवर कपड्यांपेक्षा खुलासे जास्त. एका पँटला तर तीन पानं. त्यात नकाशा.

मग चिठ्ठ्या थांबल्या. बरं वाटलं. त्याच दिवशी इस्त्रीकाकांनी एक चादर नाकाशी नेली. वास घेतला. दुसरी घेतली. तिसरी.

"हे धुतलेलं आहे," ते म्हणाले.

"धुतलेलं धुवायला कोण देईल?"

"डाग दिसू नये म्हणून."

मी सगळी गाठोडी सोडली. खरंच हो! लोक घरी कपडे धुवून, वाळवून, घडी घालून आमच्याकडे धुवायला देत होते. आणि एकदा धुतलेले कपडे पुन्हा धुवायला देण्यात काही अर्थ नाही, हे लोकांच्या लक्षात यायला फक्त पाच दिवस लागले. सहाव्या दिवसापासून कप्पे रिकामे. आमच्या लाँड्रीत मी पहिल्यांदा कप्प्यांची मागची भिंत बघितली. पिवळी आहे.

आत्या काउंटरवर बसली. ती बसत नाही कधी. "सहा महिने भरायला तीन आठवडे राहिलेत," ती म्हणाली. "तोवर हे कप्पे होते तसे झाले तर ठीक. नाहीतर तुझी आई विचारेल तेव्हा मी तिच्याशी खोटं बोलणार नाही."

"आत्या, मी काय केलं? गोष्ट लिहिली!"

"तेच."

रात्रभर मी नववीतल्या पोरांच्या उंच्या मोजत होते.

दुसऱ्या दिवशी बाकड्यावर सल्ल्यांची बैठक बसली. केमिस्ट म्हणाला, "नाव बदल. डागोजी वाईट झाला तर नवा माणूस काढ. मी सुचवू?" त्याने सुचवलेली तिन्ही नावं खोकल्याच्या औषधांची होती. समोरच्याच बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "प्रत्येकाच्या घरी जाऊन माफी माग." मी म्हटलं, "कशाची?" त्या म्हणाल्या, "ते तिथे गेल्यावर कळेल." हेडमास्तरांनी पेपर खाली ठेवला. "नाव रजिस्टर करून घे. सरकारी शिक्का बसला, की कोणी वाटेल तसं वापरणार नाही. जो वाईट अर्थाने वापरेल त्याला नोटीस."

"पण तो तर तुमच्या आजोबांचा शब्द आहे ना?" मी विचारलं.

"आजोबांची हरकत नाही," हेडमास्तर म्हणाले.

मला पटलं. आत्ता हसू नका, तेव्हा तुम्हालाही पटलं असतं. बसमधल्या बाईंना नोटीस! कंडक्टरला नोटीस! दातांच्या डॉक्टरला साधा इशारा, कारण त्याने वाईट अर्थाने वापरला नव्हता.

नाव नोंदवायच्या सरकारी ऑफिसात खिडकी क्रमांक तीनवर गेले. तिथून पाचवर पाठवलं. पाचवरचा माणूस जेवायला गेलेला. त्याच्या खुर्चीवर त्याचा स्वेटर बसलेला. एक तासाने स्वेटरच्या आत माणूस आला. मी फॉर्म घेतला. अठ्ठावीस रकाने. "नाव धारण करणाऱ्याचा पत्ता." मी लाँड्रीचा लिहिला. "जन्मतारीख." मंगळवारची लिहिली. "हयात किंवा मयत." इथे मी पेन चावत बसले. "अर्जदाराचे शिक्षण." मी लिहिलं, "चालू."

क्लार्कने फॉर्म चष्म्याच्या वरून बघितला. मग चष्म्यातून बघितला.

"वय महिने पाच? आणि धंदा लाँड्री?"

"तो खरा माणूस नाही. गोष्टीतला आहे."

"मग तो स्वतः का नाही आला?"

"गोष्टीतला आहे म्हणून!"

"ओरडू नका. पालकांची सही?"

आत्याची सही होती. साबणवाल्याच्या पावतीखाली सरकवून घेतली होती, त्यामुळे सहीवर थोडा फेस. क्लार्कने ती उजेडात धरली. मग त्याने नाव वाचलं. मोठ्याने.

"डागोजी? अहो, हा तर शब्द आहे!"

"माझा शब्द आहे."

"असं कसं तुमचा? आम्ही लहानपणापासून ऐकतोय."

त्याचं वय कमीत कमी पन्नास होतं. मी तसं बोलून दाखवलं. त्याने मागे वळून हाक मारली, "ओ, डागोजी नवीन शब्द आहे का हो?" मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "छे, जुनाच. आमच्या साहेबांना आम्ही तेच म्हणतो." सगळे हसले. आतल्या केबिनचं दार उघडलं आणि सगळे एकदम लिहायला लागले.

क्लार्कने माझ्या अर्जावर सावकाश, वळणदार अक्षरांत लिहिलं, "सदर नाव सर्वसामान्य बोलण्यातील शब्द असल्याने कोणा एकास देता येत नाही. अर्ज निकाली." ठप्प. शिक्का.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या शर्टाचं दुसरं बटण काळ्या दोऱ्याने लावलंय, बाकीची पांढऱ्या. म्हणजे तुम्ही स्वतः लावलंत, घरी कोणी लावून दिलं नाही, कारण दोन दिवस अबोला आहे. डाव्या बाहीवर जॅम आहे. म्हणजे नाश्ताही तुम्ही उभ्यानेच केलात. आणि तुम्ही जेवायला गेला नव्हता, झोपला होता. गालावर फाइलच्या नाडीचा वळ आहे!"

क्लार्कचा हात गालाकडे गेला. मग तो एकदम उजळला आणि मागच्या टेबलाकडे वळून म्हणाला, "बघा! बघा! याला म्हणतात डागोजी करणं!"

मागचे माना डोलवायला लागले. तेवढ्यात त्याचा चेहरा उतरला आणि तो हळूच मला म्हणाला, "अबोल्याचं जोरात बोलायची गरज नव्हती हो. आता हे सगळे दिवसभर..." आणि त्याने स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली. एवढ्या उकाड्यात.

मी परत आले आणि डागोजीला मारून टाकलं. हो, सरळ. फळ्यावर लिहिलं, "डागोजी वारला. प्रकरणं बंद." माणूसच गेला तर शब्द किती दिवस टिकणार? तर लोक म्हणाले, "अगं बाई! कसा गेला? उत्तर उद्या का?" आणि दुपारपर्यंत दारात पंधरा जण डागोजी कसा मेला याचं डागोजी करत उभे. केमिस्टचं म्हणणं चुकीचं औषध. काकूंचं म्हणणं, बसून बसून. हेडमास्तर म्हणाले, त्यांचे आजोबाही असेच अचानक गेले. पंधरांपैकी एकाच्याही हातात धुणं नव्हतं.

मी आत जाऊन इस्त्रीच्या टेबलाखाली बसले. तिथे उबदार असतं आणि कोणाला दिसत नाही. नऊ दिवस उरले होते. इस्त्रीकाका वरून एक कुडता दाबत होते. वाफेचा फुस्स आवाज. मग ते बोलले. आणि एका दमात सहा दिवसांचे शब्द वापरले.

"तीस वर्षं मी या गल्लीचे कपडे हातात धरतोय. कोणाकडे काय चाललंय ते मला कोणी सांगायला नको. कोण रडलंय, कोण पडलंय, कोणाची नोकरी गेली आणि तो रोज कडक इस्त्री करून कुठे जाऊन बसतो." फुस्स. "तुझा डागोजी बघतो चांगलं. पण सांगत सुटतो. लाँड्रीवाल्याने बघायचं आणि धुवायचं. लोक डाग आपल्याकडे आणतात ते यासाठी." फुस्स. "सरक, वाफ आहे."

मी तिथेच बसून राहिले. त्या क्लार्कचा गळ्यापर्यंत बंद केलेला स्वेटर डोळ्यांसमोरून जाईना. आणि केमिस्टच्या पोराचे मार खाऊन लाल झालेले कान. माझा राग कुठे गेला कळेना. राग नसला की मला फार विचित्र वाटतं, बूट घरी विसरून बाहेर पडल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं:

"डागोजी मेला नव्हता, डुलकी लागली होती. प्रकरण शेवटून पहिलं. एक बाई कोट घेऊन आल्या. कोटाच्या खिशापाशी एक डाग. डागोजीने बघितला आणि त्याला सगळं कळलं. सगळं म्हणजे सगळं. बाईंनी विचारलं, काय दिसलं? उत्तर उद्या."

दुसऱ्या दिवशी गर्दी. मी उत्तर लिहिलं, "डागोजी म्हणाला, काही नाही. उद्या या, धुऊन ठेवतो. आणि त्याने कोट धुतला. डाग गेला."

एवढंच.

काय शिव्या पडल्या हो! "हे काय उत्तर झालं?" "फसवणूक आहे!" एक आजोबा काठी आपटून म्हणाले, "कोटावर काय होतं ते सांग, मी सकाळपासून चहा घेतलेला नाही!" काकू म्हणाल्या, "मला तरी कानात सांग." केमिस्ट म्हणाला, "फटाकडीला स्वतःलाच माहीत नाही." आणि मी, मी जी टाचणी टोचली तरी दहा मिनिटं भांडते, ती मी काउंटरवर हात ठेवून उभी राहिले आणि एक शब्द बोलले नाही. चावून चावून जिभेला घट्टा पडला. आतून आत्या बघत होती.

गर्दी चिडून गेली. संध्याकाळी एक बाई मागे फिरून आल्या. इकडे तिकडे बघितलं आणि पिशवीतून एक चादर काढली. तिला चिठ्ठी नव्हती. धुतलेलीही नव्हती. चांगली मळकी, डागांची. त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी चादर उलगडली नाही. खूण केली, पावती दिली.

"उद्या," मी म्हटलं.

त्या हसल्या, अशा हसल्या की जणू मी त्यांना काहीतरी फुकट दिलं.

दुसऱ्या दिवशी तीन जण. तिसऱ्या दिवशी नऊ. मग तो सायकलच्या ग्रीसवाला आला, शेजाऱ्याशिवाय. त्या आठवड्यात इस्त्रीकाका दिवसाला सहा शब्दांवर आले, एवढं काम. चालू असल्यासारखं दिसणारं मशीनसुद्धा आत्याने एक लाथ घालून चालू केलं. आणि शब्दाचं काय झालं म्हणाल, तर एक दिवस मी केमिस्टकडे मलम आणायला गेले, तेव्हा एक मुलगी त्याला हळूच काहीतरी विचारत होती. त्याने कागदात गुंडाळून दिलं. ती म्हणाली, "काका, घरी कळायला नको." केमिस्टने ओठांवर बोट ठेवलं. "डागोजी."

मी मलम न घेताच परत आले. परत जाऊन घेतलं, पण ते नंतर.

सहा महिने भरले त्या दिवशी आई आली. सरळ ऑफिसमधून, हातात पिशवी. काउंटरच्या आत आली आणि आत्याच्या समोर उभी राहिली. मी कप्प्यांच्या आड, पण सगळं ऐकू येतं तिथे.

"ताई, खरं सांगा. कशी आहे?"

आत्याला सगळं माहीत होतं. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर फेकलेली पँट. रिकामे कप्पे. साबणवाल्याच्या पावतीखालची सही तर तिला मी स्वतःच सांगितली होती, गप्प राहायच्या पहिल्या दिवशी, कुठेतरी बोलणं बाहेर पडायला हवं म्हणून. आत्या उशीचा अभ्रा घडी घालत होती. चौपदरी घातली. आठपदरी घातली. एवढी बारीक घडी कोणी घालत नाही.

"पोरगी कामाची आहे," ती म्हणाली.

"आणि?"

"आणि काय, वहिनी? चहा टाकते." आणि आत निघून गेली.

आईने मला कप्प्याआडून बाहेर ओढलं. वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्या मनगटावर इस्त्रीचा चटका होता. खिशातून त्या अर्जाची घडी डोकावत होती, "निकाली" वर येईल अशी. नखं साबणाने पांढरी पडलेली. आई बघत होती, एकेक, सावकाश. मला वाटलं, आता आली प्रश्नपत्रिका. आईने अर्जाची घडी दोन बोटांनी खिशात खाली ढकलली. मग माझी बाही मनगटापर्यंत ओढली आणि बटण लावलं.

"परीक्षेचा फॉर्म मी आणलाय," ती म्हणाली. "बाहेरून बसायचा. आजच भर."

मी मान हलवली. बोलले नाही. आता जमतं मला थोडं थोडं.

जाताना ती दारातून परत फिरली. पिशवीतून स्वतःचा निळा स्वेटर काढला आणि काउंटरवर ठेवला. गुंडाळलेला, घट्ट.

"हा धुऊन ठेव," आई म्हणाली. "आणि बघू नकोस."

"उद्या," मी म्हटलं.

ती वळली आणि मी बघितलंच. बघायचं नाही असं मला कोणी सांगितलं आणि मी बघितलं नाही, असं अजून झालेलं नाही. उजव्या बाहीवर होता, कोपराच्या थोडा वर. मी तो बघितला आणि मला सगळं कळलं.

मग मी स्वेटर बेसिनमध्ये भिजत घातला आणि पहिलं पाणी ओतून दिलं.

काय होतं, विचारू नका. सांगणार नाही.